गीताबाईची तुळस

"या म्हशाच्या जत्रेत चिमीला गोंदायची! ठरलं म्हंजे ठरलं!"

गीताबाईनं वालाच्या शेतात उभं राहून हुकूम सोडला आणि शेंगांची पाटी अशी आदळली, की निम्म्या शेंगा पुन्हा भुईवर गेल्या. पौषातली सकाळ होती. भात कापून दोन महिने झाले होते, जमीन तडकून तिच्या खपल्या निघाल्या होत्या, आणि मधूनच एखादं भाताचं धसकट तळपायाला चावत होतं. अशा त्या शेतात चार बाया वाकून शेंगा तोडत होत्या. एक गीताबाई, दुसरी तिची सून स्नेहल, आणि उरलेल्या दोघी शेजारणी, गिरजा आणि लहानी. शेजारणी मदतीला आल्या होत्या असं म्हणायचं, एवढंच. खरं तर सासू-सुनेचं आज कशावरून जुंपतंय ते ऐकायला आल्या होत्या, आणि त्यांची खेप काही फुकट गेली नाही.

"नाय गोंदायची," स्नेहल म्हणाली. तिनं मान वर केली नाही की हात थांबवला नाही.

त्या घरात चाळीस वर्षांत गीताबाईला नकार देणारी एकच होती, ती म्हणजे गोठ्यातली आटलेली म्हैस. त्यामुळं पहिल्यांदा तिला कळलंच नाही, आपण काय ऐकलं ते.

"काय म्हनलीस?"

"नाय गोंदायची म्हनले. आई, तुमी तिला पाळन्यात बसवा, गोडी शेव चारा, बांगड्या भरा. पन सुई नको."

"ऐका गो बायांनो! किन्हवलीची धावी पास सून काय बोलते ती ऐका! अगो, आपल्यात बिनगोंदनाची पोर कंदी कुनी बघितलीय का?"

गिरजाला एवढंच हवं होतं. तिनं कंबर सरळ केली, पदरानं तोंड पुसलं. "स्नेहल, बाय, गोंदलेली पोर हरवत नाय. त्या चांगोची पोरगी नाय का, म्हशाच्याच जत्रेत हरवली? हातावर बापाचं नाव अन् गाव गोंदलेलं व्हतं, म्हनून पोलिसानं जीपमदून घरी आनून सोडली. जीपमदून!"

"मंग मी फ्राकाला चिठ्ठी टाचते."

"चिठ्ठी मेल्यावर संगती येते का?" लहानी म्हणाली. ही लहानी नावाचीच लहानी, वयानं गीताबाईहून थोरली, आणि नात्यानं तिची चुलत जाऊ. "देवाच्या दारात गेलं का पयला सवाल हाच, बाय, काय आनलंस? सोनं इथंच काढून घेतात. लुगडं जळतं. गोंदन तेवढं अंगासंगती जातं."

"काकी, साडेपाच वर्साची हाय ती. आत्ता कुठं शाळंत घातलीय, अन् तुमी तिला देवाच्या दारात कुठं उभी करता?"

गिरजा फिसकन हसली. गीताबाईनं तिच्याकडं असं बघितलं, की हसू तिथल्या तिथं गिळलं बिचारीनं.

"अन् नर्सबाय काय म्हनलीय ठाव हाय का?" स्नेहलनं पुढं चालवलं. "जत्रेत एकच सुई शंभर जनांना लावतात. त्यानं रोग व्हतात."

"सुईनं रोग व्हतात, तर तुजी नर्सबाय दवाखान्यात काय फुलं टोचते का गो?"

"आई, माझ्या कपाळावर बघा." आता मात्र स्नेहल उभी राहिली. तिनं टिकली काढली. टिकलीखाली हिरवट गोंदणाचा ठिपका होता, जरा वाकडा. "चार वर्साची व्हते. दोघींनी पाय धरले, एकीनं डोकं. मी आराडले तशी सुई सरकली. शिवनाचा क्लास करायला कल्यानला जायचे, तर पोरी म्हनायच्या, गो, तुज्या कपाळाला काय लागलंय, पूस ना. मला कुनी इचारलं व्हतं का, पायजे का नको म्हनून? चिमीला पायजे असंल तवा चिमी सोता काढंल."

"पोलिओचा डोस पाजताना इचारतेस का तिला? तवा नाक दाबून पाजतेस!"

स्नेहलनं टिकली परत कपाळावर डकवली, आणि गीताबाईला जोर चढला. माणसाला जोर चढला की तो जरा जास्तच बोलून जातो. गीताबाईचंही तेच झालं. तिनं डावा हात पदराबाहेर काढला, मनगटाच्या वरची काळी तुळस सगळ्यांपुढं डोळ्याचं पातं लवतं न लवतं एवढाच वेळ नाचवली, आणि हात परत आत घेतला.

"माझ्याकडं बघा! सहा वर्साची व्हते मी. गोंदनारनीनं सुई मारली खटाखटा. टिपूस काढला नाय डोळ्यातून!"

गिरजाला अचानक खोकला आला. लहानीला पाटीतल्या शेंगा फार महत्त्वाच्या वाटू लागल्या.

बांधावर नाकतोड्याच्या मागं लागलेली चिमी मात्र नाकतोडा सोडून धावत आली. "आजे, तू रडलीच नाय?"

"नाय!"

"आराडलीपन नाय?"

"छॅ! गालातल्या गालात हसत व्हते."

चिमीनं आजीकडं असं बघितलं, की आजीनं डोंगर उचलला असता तरी तिनं त्याहून जास्त बघितलं नसतं.

आता त्या गालातल्या गालात हसण्याची खरी हकिगत अशी. गीताबाईचं माहेर वैशाखऱ्याचं. ती सहा वर्षांची असताना गोंदणारीण अंगणात येऊन बसली, थोरल्या बहिणीचा हात धरला, आणि बहिणीनं अशी किंकाळी फोडली की गोठ्यातलं वासरू दावं तोडून पळालं. वासराच्या मागोमाग गीता पळाली आणि परसातल्या जांभळावर चढली. आई खालून हाका मारते, चुलती आमिष दाखवते, गोंदणारीण शिव्या घालते, आणि ही वरून काटक्या मारते. दिवेलागणीला बाप शेतावरून आला, त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, राहू द्या माझ्या पोरीला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी गोंदणारणीनं वेशीतूनच जांभळाकडं बघितलं, फांदीत परकर दिसला, तशी ती परस्पर पुढच्या गावाला निघून गेली.

पंधराव्या वर्षी लग्न ठरलं आणि करंजपाड्याहून निरोप आला, की सासू कडक आहे, गोंदण नसलेल्या सुनेच्या हातचं पाणी ती पीत नाही. झालं! गोंदणारीण शोधायला वेळ नव्हता, आणि जांभूळ अजून उभंच होतं. आईनं बिब्बा आणला, सुई तापवून त्यात टोचली, आणि त्या तेलानं लेकीच्या हातावर तुळस काढली. बिब्बा उतला, हात कोपरापर्यंत सुजला. हळदीत ते खपून गेलं. गोंदण कसं झकास दिसत होतं. पण बिब्ब्याचा काळिमा तो किती दिवस टिकणार? वर्षा-सहा महिन्यांत तुळस विटायची, मग गीताबाई परत बिब्बा लावायची, आणि मधल्या काळात काजळ. नदीवर धुणं धुताना हाताला फडका गुंडाळायची, पाण्यानं वात उठतो म्हणून सांगायची. अशी चाळीस वर्षं काढली. सासू तिच्या हातचं पाणी पिऊन म्हातारी झाली आणि पाणी पिऊनच वारली.

गीताबाईच्या समजुतीनं सासरी ही गोष्ट एकाच माणसाला ठाऊक होती. तो म्हणजे तिचा नवरा कुंडलिक. लग्नानंतरच्या पहिल्या लावणीला भर पावसात बायको आवण रोवत होती, आणि तिच्या तुळशीचा काळा ओघळ मनगटापर्यंत आला. कुंडलिकनं ओघळ बघितला, आभाळाकडं बघितलं, आणि पुन्हा रोपं उचलली. त्या वर्षी म्हशाच्या जत्रेतून येताना त्यानं बायकोसाठी काजळाची डबी आणली. मग दर वर्षी आणत गेला. तोंडानं मात्र अवाक्षर काढलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मात्र काढलं. गीताबाई गाईची धार काढत होती, तेव्हा तो गोठ्याच्या मेढीला टेकून म्हणाला, "कशाला पोरीच्या मागं लागलेस?"

"कशाला म्हंजे?" गीताबाईनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज उतरवला. "मी जलमभर चोरावानी हात लपवला. कुनी हाताकडं बघितलं का माजं काळीज धडधडतं. अन् उद्या मी मेले, का रिकाम्या हातानं उभी. माज्या नातीवर ही पाळी नको यायला. तिचं खरं असूं दे, पक्कं असूं दे. दोन घटका रडंल, मंग सुटली."

कुंडलिकला ते पटलं की नाही कोण जाणे. पण रात्रीच्या जेवणाला त्यानं तोड काढली. मुलगा ज्ञानेश्वर आसनगाव स्टेशनाहून नुकताच आला होता, कल्याणच्या कंपनीत बारा तास उभा राहून त्याचे पाय भरले होते, आणि त्याचं म्हणणं एवढंच होतं की मला झोपू द्या. तेव्हा कुंडलिक म्हणाला, "पोरीलाच इचारा. तिनं आपनहून हात पुढं केला तर सुनबाईनं आडवं यायचं नाय. नाय केला, तर हिनं धरून बसवायची नाय."

"कबूल!" गीताबाई घास खाली ठेवून म्हणाली.

स्नेहलनं चिमीकडं बघितलं. मुंगी चावली तरी घर डोक्यावर घेणारी आपली लेक सुईपुढं हात कशाला करते, असा तिनं हिशोब केला असावा. "कबूल," ती म्हणाली. पण तिचा हिशोब चुकला. गीताबाईच्या हातात चार दिवस होते.

त्या चार दिवसांत चिमीचं जे कौतुक झालं ते तिच्या बारशालाही झालं नव्हतं. उठल्याबरोबर गूळ. दुपारी गूळखोबरं. मांडीवर बसवून गवताच्या काडीनं हातावर तुळस काढायची, ही एक पानं, ही दोन पानं, झालीसुद्धा! "दुखलं का?" "नाय!" "मंग!" तिसऱ्या दिवशी चिमी पाड्यात दारोदार सांगत सुटली, मी गोंदनार, आन् मी आजीसारखी गालातल्या गालात हसनार. ती हसून दाखवायची, त्यात तिचे पडलेले दोन दात दिसायचे. स्नेहलनं ते बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. भाकरी थापताना ती परातीत पीठ नुसतंच मळत बसली. तिची जीभ बांधली गेली होती, आणि शब्द मोडणारी ती नव्हती.

जत्रेच्या दिवशी पहाटे गीताबाईनं हात बघितला तर तुळस पार विटलेली. बिब्बा लावायला उशीर झाला होता. तिनं काजळ घेतलं, थेंबभर तेल घातलं, आणि आज नातीचा दिवस म्हणून जरा ऐसपैसच तुळस काढली. वृंदावनसुद्धा काढलं. मग सगळा पाडा टेंपोत बसला आणि म्हशाला निघाला.

म्हशाची जत्रा म्हणजे काय विचारता! एका अंगाला बैलच बैल, शिंगांना रंग लावलेले, आणि त्यांचे दात मोजणारे शेतकरी. दुसऱ्या अंगाला घोंगड्यांचे ढीग. मध्ये माणसांचा नुसता लोट, पिपाण्या, धूळ, तळणाऱ्या शेवेचा वास, आणि वर गरगर फिरणारे पाळणे, त्यात बसून आयाबायांना हाका मारणारी माणसं. चिमीनं एका हातात पिपाणी घेतली, दुसऱ्या हातात गोडी शेव, आणि तोंडात दोन्ही कोंबायचा प्रयत्न चालवला.

गोंदणारा लिंबाखाली छत्री लावून बसला होता. आता पूर्वीसारख्या बाया नि टोपल्या राहिल्या नव्हत्या. हा तरणा गडी होता, केस मानेपर्यंत, शेजारी बॅटरी आणि हातात घर्र घर्र करणारं मशीन. फळ्यावर चित्रं लावलेली, विंचू, ओम, तुळस, बदामात बाण. पुढं एका आईनं तीन वर्षांच्या पोराला मांडीत आवळून धरलं होतं. पोरगं असं बोंबलत होतं की पलीकडचा बैलवाला दोनदा उठून बघून गेला.

चिमीची पिपाणी थांबली. शेव तोंडात तशीच राहिली.

"ये चिमे, बस," गीताबाई लाडानं म्हणाली. "हात दे बाबाकडं."

चिमीनं हात पाठीमागं नेला. गिरजा, लहानी आणि पाड्यातल्या आणखी पाच-सहा बाया कोंडाळं करून उभ्या राहिल्या. असा तमाशा कोण सोडतं!

"आजे," चिमी बारीक आवाजात म्हणाली, "पयली तू."

"मी? माजं झालंय ना गो!"

"काल तुजं पुसट दिसत व्हतं. आई म्हनली, जुनं असलं का पुन्यांदा काढतात. तू काढ. तू हस गालातल्या गालात. मंग मी."

"खरंच गो गीताबाय," गिरजा म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असा भोळेपणा होता की तिला देवळात बसवावं. "सगळ्याच उजळून घेतात. तूपन घे. पोरीला तेवढाच धीर."

"माजं काय पुसट नाय! आज तर चांगलं ठळक..." बोलता बोलता गीताबाई थांबली. मागं गर्दी, पुढं मशीन, आणि जवळपास चढण्यासारखं झाड म्हणजे हा लिंब, त्याच्याखाली गोंदणाराच बसलेला. ती बसली. काय होईल ते होवो, वरवर मशीन फिरवील आणि सोडील, असा तिनं मनाचा समज करून घेतला. डोळे घट्ट मिटून हात पुढं केला.

गोंदणाऱ्यानं बाटलीतलं औषध फडक्यावर ओतलं. "मावशी, पयला पुसून घेतो."

"पुसतोस कशाला? सकाळी घासून धुतलाय!"

"धूळ असते ना." आणि त्यानं फडका फिरवला. एकदा, दोनदा. मग थांबला. फडक्याकडं बघितलं, हाताकडं बघितलं, परत फडक्याकडं. तुळस, वृंदावन आणि मंजिऱ्या सगळं फडक्यावर आलं होतं. हात कसा पोराच्या हातासारखा साफ.

"मावशी," तो घाबरून म्हणाला, "मी काय केलं नाय हा! तुमचं गोंदन निघालं!"

गीताबाईनं डोळे उघडले. चाळीस वर्षं ज्या घडीला ती भ्याली होती, ती घडी भरदिवसा, म्हशाच्या जत्रेत, अख्ख्या पाड्यापुढं येऊन उभी राहिली होती. आता सगळ्या थुंकतील, असं तिला वाटलं. तिला मान वर करवेना.

आणि गिरजा मटकन खाली बसली. पोट धरून. "निघाली गो बायांनो! येकदाची निघाली!" मग दुसरी हसली, तिसरी हसली, आणि बघता बघता सगळं कोंडाळं एकमेकींच्या अंगावर पडून हसू लागलं.

"तुमाला... तुमाला ठाव व्हतं?"

"अख्ख्या पाड्याला ठाव हाय!" गिरजा डोळे पुसत म्हणाली. "नदीवर फडका गुंडाळून धुनं धुवायचीस, अन् फडका वाळत घातला का त्यावर काजळ! कंदी तुळशीला पाच पानं, कंदी सात. गोंदनाला कंदी पालवी फुटते का गो?"

"येका वर्साला तर तुळस उजव्या हातावर काढलेलीस," कुणीतरी मागून म्हणालं, आणि पुन्हा हशा.

"मंग कुनी बोललात कशा नाय?"

लहानी पुढं झाली. तिलाही हसू आवरत नव्हतं, पण तिनं गीताबाईचा तो उघडा हात आपल्या हातात घेतला. "तुज्या सासूनं सांगितलेलं. तू आलीस त्याच साली. म्हनली, सून कामाची हाय, जीवाची हाय, तिला कुनी टोकायचं नाय. काढंल तितकी तुळस काढूं द्या."

"आत्यांना ठाव व्हतं? अन् माज्या हातचं पानी..."

"घटाघटा पेत व्हती," लहानी म्हणाली.

गीताबाईच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं, आणि त्याच वेळी पोटातून असं हसू आलं की रडावं की हसावं तिला कळेना. म्हातारी तिला फसवून गेली होती, आणि ती समजत होती आपण म्हातारीला फसवलं. चाळीस वर्षं! चाळीस वर्षं उगाच हाताला बिब्बा लावून हात सुजवला!

"आजे," चिमी गंभीरपणानं म्हणाली, "तू खोटं बोललीस."

जत्रेतला सगळा गलका एका बाजूला आणि हे तीन शब्द एका बाजूला. गीताबाईनं नाक पुसलं. "व्हय. खोटं बोलले. मला गोंदायला आले तवा मी पळाले, अन् जांभळावर चढून बसले."

"झाडावर?" चिमीचे डोळे मोठे झाले. "किती उंच?"

"शेंड्याला."

"अन् मंग?"

"वरून काटक्या मारल्या गोंदनारनीला."

चिमीनं शेव गिळली. डोंगर उचलणारी आजी तिला चार दिवस आवडली होती. झाडावरून काटक्या मारणारी आजी त्याहून किती तरी जास्त आवडली, ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

कुंडलिक मागून हळूच म्हणाला, "चल, ऊठ आता. जाऊं."

"जाऊं कुठं? हात पुसून झालाय ना?" गीताबाईनं पदर खोचला. "आता खरी काढून घेते. अन् तुमी उद्यापास्नं ती डबी आनायची बंद करा. चल रे बाबा, लाव तुजं यंत्र. पन सुई नवी घाल, आमची नर्सबाय लय कडक हाय!"

स्नेहलनं सासूकडं चमकून बघितलं. गोंदणाऱ्यानं मुकाट्यानं नवी सुई पुडीतून काढली.

मशीननं घर्र केलं आणि गीताबाईनं जी आरोळी ठोकली, तिच्यापुढं मघाचं तीन वर्षांचं पोरगं म्हणजे काहीच नव्हतं. "अगो आई गो! मेले गो! मुडद्या, हात हाय का गवार!" तिनं गोंदणाऱ्याच्या सात पिढ्या बाहेर काढल्या. त्याच्या केसांना नावं ठेवली. बॅटरी कुणी शोधली त्याला नावं ठेवली. एका हातानं तिनं कुंडलिकचं मुंडासं धरलं, ते सुटलं, मग कान धरला. गिरजा तिचे पाय धरून बसली आणि हसून हसून तिलाच धरायची वेळ आली. बैलवाला आपलं गिऱ्हाईक घेऊन बघायला आला. चिमी आजीच्या तोंडासमोर उकिडवी बसून ओरडत होती, "आजे, हस! गालातल्या गालात हस!"

"हसतेय गो माजे बाय! दिसत नाय का तुला!"

शेवटी संपलं. हातावर लाल सुजलेल्या कातडीवर एक बुटकी, पाच पानांची, पक्की तुळस उभी होती. गीताबाई घामानं निथळत होती. तिनं हातावर फुंकर घातली, बोट लावून बघितलं, बोटाला काही लागलं नाही. तिच्या तोंडावर असं समाधान पसरलं, की लग्नातल्या फोटोतसुद्धा ती एवढी छान दिसली नव्हती.

"चला, आता नात," गोंदणारा म्हणाला.

आणि चिमीनं हात पुढं केला.

आपणहून केला. कुणी धरलं नाही, कुणी ढकललं नाही. तळवा वर, कोपर सरळ, गालातल्या गालात हसायची तयारी करून. स्नेहलचा चेहरा पांढराफटक पडला. ती एक पाऊल पुढं आली, आणि तिथंच थांबली. शब्द दिला होता. तिनं नुसतं सासूकडं बघितलं.

गीताबाई जिंकली होती. चार दिवस जे मागत होती ते समोर होतं, एवढासा हात, त्यावर शेवेचा चिकटा, मनगटाला काळा दोरा. तिचा स्वतःचा हात ठणकत होता. गोंदणाऱ्यानं चिमीचं मनगट धरलं, मशीन घर्र झालं, आणि गीताबाई ओरडली, "थांब!"

"काय झालं, मावशी?"

"नाय गोंदायची." तिनं नातीचा हात त्याच्या हातातून सोडवला. "लय दुखतं, मुडद्या! मी पंचावन वर्साची घोडी, माजा जीव चालला व्हता. ही एवढीशी हाय."

"पन आजे, मला पायजे!"

"मोठी हो. मंग तुज्या पायानं ये, अन् तुज्या तोंडानं माग. तवा मी सोता तुजा हात धरून बसंन."

"मला आत्ता पायजे!"

"आत्ता नाय म्हंजे नाय!"

चिमीनं भोकाड पसरलं. पिपाणी फेकली, शेव फेकली, आणि भर रस्त्यात धुळीत अंग टाकून दिलं. "मला गोंदाऽऽयचं! मला गोंदाऽऽयचं!" एका बाजूनं गीताबाईनं उचललं, ती दुसऱ्या बाजूनं निसटली. दुसऱ्या बाजूनं स्नेहलनं उचललं, तर पाय हवेत आणि चप्पल कुंडलिकच्या डोक्यावर. शेवटी सासूनं काखेत हात घातले, सुनेनं पाय धरले, आणि दोघी मिळून त्या बोंबलणाऱ्या गाठोड्याला टेंपोकडं घेऊन निघाल्या. चालता चालता दोघींची नजरानजर झाली, आणि दोघींना एकाच वेळी असं हसू फुटलं की पोरगी हातातून पडता पडता वाचली.

समोरून कुठलीशी म्हातारी नातवंडं घेऊन येत होती. ती थबकली, तोंडाला पदर लावला. "अगो बाय, काय झालंय पोरीला?"

"गोंदायचं म्हनते," स्नेहल धापा टाकत म्हणाली.

"मंग गोंदा की गो! सोताहून मागते पोर, अन् तुमी नाय म्हनता?" म्हातारीनं गीताबाईला नखशिखांत न्याहाळलं. "ही आजी का तिची? बाय, बाय, बाय! काय दगडाच्या काळजाची म्हातारी हाय!"

"हाय तर हाय!" गीताबाई ठसक्यात म्हणाली, आणि नातीची बगल आणखी घट्ट धरून चालू लागली.